कुत्रं गळा काढतं तेव्हा

मराठीत कुत्र्याच्या आवाजांना शब्दांची वानवा नाही. भुंकणं, गुरगुरणं, केकाटणं, कुईकुई करणं, विव्हळणं. पण मान वर करून, तोंडाचा चंबू करून त्यानं एकच लांब हेल काढला की आपण सरसकट म्हणतो, ‘कुत्रं रडतंय’. घोळ इथूनच सुरू होतो. रडतंय म्हटलं की घरातल्या एकाला त्याची दया येते, दुसऱ्याला शेजाऱ्यांची लाज वाटते आणि वरच्या मजल्यावरच्या आजी देवाचं नाव घेऊ लागतात.

हा हेल बहुतेक वेळा रडणं नसतो, हाक असते. भुंकणं जवळच्यासाठी, हेल लांबच्यासाठी. सासवड, बारामतीकडच्या माळरानांवर आजही लांडगे आहेत. पांगलेल्या कळपाला एकमेकांचा ठावठिकाणा कळावा म्हणून ते असाच सूर ओढतात. न तुटता लांबवलेला आवाज जितका दूर पोचतो तितकं तुटक भुंकणं पोचत नाही. तुमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याकडे ही सोय वारशानं आलेली आहे. ती वापरायची वेळ मात्र त्याच्यावर निरनिराळ्या कारणांनी येते: रुग्णवाहिकेला उत्तर, बंद दारामागची घाबरगुंडी, गच्चीवरचा कंटाळा, म्हातारपणीचा गोंधळ, दुखणं. बाहेरून हे सगळे हेल जवळपास सारखेच ऐकू येतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की बिघडतं. लक्ष वेधायला हेल काढणाऱ्याकडे काणाडोळा केलेला चालतो. घाबरलेल्याकडे केला तर भीती मुरत जाते. म्हणून आधी हाक कुणाला आहे ते शोधायचं.

अपशकुनाचं उत्तर सरळ आहे. रात्री रहदारी थांबते. दिवसभर जे हेल बसच्या आणि दुचाक्यांच्या आवाजात बुडून जातात ते अडीच वाजता चार गल्ल्यांपलीकडून ऐकू येतात. शिवाय आजारी माणूस असलेल्या घरात रात्री दिवे लागतात, माणसं जागतात, येरझाऱ्या होतात. त्या घरचं कुत्रं अस्वस्थ होणारच.

आधी सात दिवस वही

अंदाजानं उपाय सुरू करू नका. एका वहीत सात दिवस प्रत्येक हेलाची नोंद ठेवा: वेळ, किती मिनिटं चाललं, त्याच्या आधी कोणता आवाज झाला, घरात कोण होतं, कुत्रं कुठं आणि कसं उभं होतं, थांबलं ते कशानं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक गाळतात.

घरात कुणी नसताना काय होतं ते शेजाऱ्यांच्या सांगण्यावर सोडू नका. ‘दिवसभर रडतं’ म्हणजे कधी कधी दोनदा, पाच-पाच मिनिटं असतं. एखादा जुना मोबाइल चार्जरला लावून डब्याला टेकवून ठेवा, दार आणि कुत्र्याची बसायची जागा दोन्ही चौकटीत येतील असा. निघायच्या 10 मिनिटं आधी चित्रण सुरू करा आणि निघाल्यानंतरची पहिली 40 मिनिटं तरी मिळू द्या. एकटेपणाची भीती असलेली बहुतेक कुत्री पहिल्या अर्ध्या तासातच बिथरतात, त्यामुळे एवढ्यात चित्र स्पष्ट होतं.

चित्रण आधी आवाज बंद करून पाहा. अंग सैल आहे, शेपूट नेहमीच्या जागी आहे, हेल संपला की कुत्रं पुन्हा पसरतं, तर फार काळजी नाही. दारापाशी फेऱ्या, धापा, लाळेनं ओली झालेली फरशी, चौकट किंवा लॅच ओरबाडणं, ठेवलेल्या खाण्याला तोंडही न लावणं, हे घाबरल्याचं लक्षण. खिडकीत बसून दर पाच मिनिटांनी एक हेल, मध्येच उशी फाडणं, मध्येच डुलकी, हा कंटाळा.

वही सुरू करण्याआधी एक अपवाद. जे कुत्रं कधीच हेल काढत नव्हतं ते अचानक, कुणी घरात असतानाही विव्हळू लागलं, तर सात दिवस थांबू नका. पशुवैद्याकडे न्या. कानाचा संसर्ग, सांधेदुखी, मूतखडा, मणक्यातली चकती सरकणं (डॅशहुंडमध्ये हे नेहमीचं) अशा दुखण्यांची पहिली खूण आवाज असू शकते. उठताना, जिना चढताना, उचलून घेताना किंवा लघवीला बसताना आवाज येतो का, एवढं पाहून जा. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी ‘लहान तुकडा’ म्हणूनही देऊ नका. माणसाची वेदनाशामकं कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडांना आणि जठराला बाधतात.

सायरन, शंख आणि पेटी

सगळ्यात निरुपद्रवी प्रकार हा. 108 ची रुग्णवाहिका, अग्निशमन दलाची गाडी, आरतीतला शंख, शेजारची पेटी: लांब ओढलेला, चढउतार असलेला कुठलाही सूर कुत्र्याच्या कानाला हेलासारखा लागतो आणि ते साद देतं. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45,000 च्या आसपास. त्यामुळे सायरनमधले जे बारीक सूर आपल्याला लागतच नाहीत तेही त्याला ऐकू येतात, आणि पुष्कळदा ते आपल्या आधी सुरू होतं. मग घरच्यांना वाटतं, हे उगाचच रडतंय. हस्की, बीगल, बॅसेट हाउंड यांना ही खोड उपजतच जास्त. पण देशी कुत्रीही मागं नसतात.

कान दुखतात म्हणून ते ओरडतं, असा एक समज आहे. तसं असतं तर ते आवाजापासून पळालं असतं. शंख वाजताच मधोमध येऊन मान वर करणारं कुत्रं सामील होतंय. शेपूट पायात घालून पलंगाखाली जाणाऱ्याला मात्र खरंच त्रास होतोय. दुसऱ्याला आरतीच्या पाच मिनिटं आधी आतल्या खोलीत न्या, दार लोटा, पंखा मोठा करा. दहा बाय दहाच्या खोलीत हातभर अंतरावर वाजणारा शंख कुणालाही सुखाचा नसतो.

सामील होणाऱ्याचं काय करायचं? दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा मिनिट असेल तर काहीही नाही. पुण्यातल्या ससून रुग्णालयाच्या परिसरात किंवा मोठ्या रस्त्याला लागून घर असेल आणि दिवसातून पंधरा वेळा होत असेल तर शिकवणी घ्या.

खाऊचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करा: उकडलेली कोंबडीची कलेजी, पनीर, उकडलेलं अंडं. दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त खाऊ होता कामा नये, म्हणून तुकडे बारीक. फोनवर सायरन इतक्या हळू आवाजात लावा की कुत्र्याचा कान हलेल पण मान वर जाणार नाही. आवाज सुरू, लगेच खाऊ. आवाज बंद, खाऊ बंद. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी खाऊ आणि मग सायरन, तर कुत्रं खाऊच्या पिशवीलाच बिचकायला लागतं. एका वेळी दहा-बारा आवर्तनं, दिवसातून दोनदा. सायरन लागताच ते तुमच्या तोंडाकडे बघू लागलं की आवाज एक पायरी वाढवा. मध्ये हेल निघालाच तर रागावू नका, दोन पायऱ्या खाली या. बहुतेकांची चूक इथंच होते: तिसऱ्या दिवशीच आवाज पूर्ण सोडतात.

त्याच्या जोडीला ‘शांत’ हा शब्द शिकवून ठेवावा. हेल चालू असताना तो शब्द ओरडून काही उपयोग नाही. त्याच्या दृष्टीनं तुम्हीही साथ देताय. हेल आपणहून थांबू दे, मनात तीनपर्यंत मोजा, हळू आवाजात ‘शांत’ म्हणा आणि खाऊ द्या. काही दिवसांनी पाचपर्यंत, मग दहा, वीस, तीस. शब्द आधी शांततेला चिकटला पाहिजे, तरच पुढं तो शांतता आणू शकतो.

दार बंद झालं की

खरं काम इथं आहे. सोसायटीतल्या तक्रारींतल्या बऱ्याच याच प्रकाराच्या. कुत्रं खोडसाळ नसतं, सूडही उगवत नसतं. एकटं राहणं त्याला झेपत नाही आणि ते तुम्हाला परत बोलावत असतं. घर बदललं, कामाच्या वेळा बदलल्या, सुट्टीला आलेली मुलं परत गेली, घरातलं माणूस गेलं, की आधी नीट राहणारं कुत्रंही असं होऊ शकतं.

पहिला नियम कठीण आहे: शिकवणी चालू असेपर्यंत त्याला जेवढं झेपतं त्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. रोज सकाळी दोन मिनिटांची शिकवणी आणि मग नऊ तास बंद दार, असं केलं तर शिकवणी वाया. आई-वडील, खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका, आळीपाळीनं घरून काम, दिवसभर सांभाळणारं पाळणाघर, जे जमेल ते जोडून सहा-आठ आठवडे काढायचे. सोबत माणसाचीच हवी. दुसरं कुत्रं आणून क्वचितच भागतं. पुष्कळदा दोन आवाज होतात.

मग निघण्याच्या खुणा पुसायच्या. पुण्यातल्या कुत्र्याला तुम्ही निघताय हे दार उघडण्याच्या कितीतरी आधी कळतं: किल्ल्यांचा खुळखुळाट, मोजे, तोंडाला बांधायचा स्कार्फ, आणि सगळ्यात मोठी खूण हेल्मेट. चित्रणात बघा, धाप कोणत्या खुणेला सुरू होते. ती खूण दिवसातून दहा-पंधरा वेळा निरर्थक करा. हेल्मेट घाला आणि पोळ्या लाटा. किल्ल्या उचला, सोफ्यावर बसा, पेपर वाचा. बूट घालून कचरा गोळा करा. कुत्र्यानं मान उचलणंही सोडलं की ती खूण मेली. याला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात.

त्यानंतर दार. पायऱ्या अशा:

1. दारापर्यंत जा, कडीला हात लावा, परत या.
2. दार उघडा, बंद करा, आतच राहा.
3. बाहेर पाऊल टाका, लगेच आत.
4. बाहेर जा, दार ओढा, एक ते पाच सेकंद.
5. लॅचचा ‘खट्’ आवाज होऊ द्या, दहा सेकंद.
6. लिफ्टचं बटण दाबा, लिफ्ट येऊ द्या, परत या.
7. खाली जाऊन गाडी सुरू करा, बंद करा, वर या.

एका बैठकीत पाच-सहा फेऱ्या, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबून. वेळ सरळ चढवत नेऊ नका. पाच सेकंद, वीस, दहा, तीस, पाच, चाळीस, असा वरखाली ठेवा, नाहीतर प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा अवघडच होत जाते आणि कुत्र्याला ते कळतं. बाहेर उभं राहून फोनवर चित्र पाहा. ते दाराकडे येऊन बसलं तरी चालेल. धाप, कुईकुई किंवा फेऱ्या सुरू व्हायच्या आत तुम्ही घरात असायला हवं. हेल सुरू झालाच तर? ‘आता गेलो तर सवय लागेल’ म्हणून जिन्यात उभं राहू नका. तो नियम हट्टासाठी आहे, घाबरण्यासाठी नाही. आत जा, त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी निम्म्या वेळेपासून सुरू करा.

सातवी पायरी लोक गाळतात. कुत्रं तुमच्या गाडीचा आवाज शेजाऱ्यांच्या गाड्यांतून ओळखतं. दार बंद झाल्यावर शांत राहिलेलं कुत्रं खालून गाडी सुरू झाली की गळा काढतं, कारण ‘खरंच गेले’ हे त्याला तेव्हा पटतं.

पहिली 30 ते 40 मिनिटं हाच सगळ्यात चिवट टप्पा. तो जमला की पुढं मोठ्या उड्या घेता येतात: तास, दीड तास, तीन तास. निघताना गळाभेटी नकोत, पण चोरासारखं गुपचूप सटकणंही नको. ‘येतो रे’ पुरे.

रबरी पोकळ खेळण्यात खाणं भरून देण्याचा उपाय सगळे सांगतात. कंटाळ्यावर तो उत्तम, सौम्य भीतीवर ठीक, खऱ्या घबराटीत निरुपयोगी, कारण घाबरलेलं कुत्रं खातच नाही. भरायचं तर बिनमिठाचा, बिनफोडणीचा दहीभात भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. वीस-पंचवीस मिनिटं चाटायला पुरतो. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं काहीही वर्ज्य. मात्र हे खेळणं फक्त निघतानाच दिलं तर तेही हेल्मेटसारखी खूण बनतं, म्हणून तुम्ही घरात असतानाही देत जा.

लाळेचं थारोळं, नखं रक्ताळेपर्यंत दार ओरबाडणं, गॅलरीच्या कठड्यावरून उडी मारण्याचा प्रयत्न, असं असेल तर शिकवणीआधी औषध लागतं. पशुवैद्य फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन देतात. परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, आणि ती मनानं बंद करायची नसतात. औषधामुळे कुत्रं ‘गुंगीत’ राहत नाही, शिकण्याइतकं शांत होतं. औषधाला कमीपणा मानून वर्षभर नुसती शिकवणी रेटणारे बरेच असतात. कुत्र्याचं ते वर्ष फुकट जातं.

एकटेपणाच्या भीतीत पिंजऱ्यात कोंडू नये. आधीपासून पिंजऱ्यात आनंदानं झोपणारं कुत्रं वेगळं. घाबरलेलं कुत्रं जाळीत दात आणि नखं मोडून घेतं.

गच्ची, गॅलरी, कंटाळा

बंगल्याच्या फाटकाशी साखळीला किंवा फ्लॅटच्या गॅलरीत दिवसभर असलेलं कुत्रं हेल काढतं त्याचं कारण शोधायला वही लागत नाही. त्याला आत घ्या. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा गच्चीवरची फरशी पायाला चटका देते. हस्कीसारख्या दाट केसांच्या जातीला तर ही हवा मुळातच सोसत नाही.

कामाला लावायचं ते नाकाला. सकाळी अर्धा तास असं फिरवा की हुंगायला तेच ठरवील तिथं थांबायचं. दोरी दोन मीटरच्या आसपास हवी, आखूड नको. तळजाई किंवा वेताळ टेकडीकडे गेलात तरी दोरी सोडू नका, मोर आणि ससे असतात. उन्हाळ्यात सातच्या आत आणि अंधार पडल्यावरच. हाताची उलटी बाजू डांबरावर पाच-सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसली तर त्याला सोसेल. जेवण वाटीत देण्याऐवजी मूठभर जुन्या टॉवेलच्या घड्यांत, मूठभर पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवा.

लक्ष वेधायला हेल काढणाऱ्याची ओळख सोपी: काढता काढता ते तुमच्याकडे बघतं. तुम्ही वळलात, बोललात, चप्पल उगारलीत तरी त्याला हवं ते मिळालं. पाठ करा. शांत झालं की तीन सेकंदांत हाक मारा. दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस हेल कमी नाही, वाढतोच. मिळत होतं ते थांबल्यावर कुत्रं जोर लावून बघतं. चौथ्या दिवशी कंटाळून ‘ए, गप!’ म्हणालात तर त्यानं एवढंच शिकलं की चार दिवस नेटानं ओरडावं लागतं. घरातल्या सगळ्यांनी एकच वागावं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे आजोबांनी.

गल्लीतला कोरस

रात्री एका कोपऱ्यावरच्या कुत्र्यानं सुरू केलं की पेठेतली सगळी आळी उठते. हेल संसर्गजन्य असतो. एकत्र काढताना प्रत्येक जण वेगळी पट्टी धरतो, त्यामुळे चार कुत्री दहा वाटतात. घरातलं कुत्रं सामील होत असेल तर त्याची झोपायची जागा रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवा, खिडकी लावा, पंखा किंवा कूलर चालू ठेवा. जाड पडद्यांनी बारीक सूर थोडे दबतात, पण त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

आसपास एखादी कुत्री माजावर आली असेल तर नसबंदी न झालेला नर दोन-तीन आठवडे रात्र-रात्र हेल काढतो, जेवण सोडतो, दारातून निसटायला बघतो. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, म्हणजे हे वर्षातून दोनदा. यावर शिकवणी नाही. योग्य वयात नसबंदी हाच उपाय, आणि ते वय जातीनुसार डॉक्टर सांगतील.

ढोल-ताशे आणि फटाके

गणेशोत्सवाच्या दोनेक महिने आधीपासून नदीपात्रात पथकांचे सराव सुरू होतात. विसर्जन मिरवणूक 24 तासांहून जास्त चालते. भीतीतून निघणाऱ्या आवाजावर उपाय त्या दिवशी सुरू करून काही होत नाही, सराव सुरू व्हायच्या आधी करायचा. पद्धत सायरनसारखीच. अडचण एकच, फोनच्या छोट्या स्पीकरमधून ढोलाचा घुमारा येत नाही, फक्त टिपऱ्यांचा कडकडाट येतो. मोठा स्पीकर लावा, अगदी हळू. फटाक्यांच्या बाबतीत ही शिकवणी अर्धवटच राहते, कारण धक्का आणि वास स्पीकर देत नाही.

त्या दिवसासाठी घरातली सगळ्यात आतली जागा निवडा, बहुधा न्हाणीघराशेजारची छोटी खोली. आठवडाभर आधीपासून तिथं जेवण द्या. फेरी दुपारीच उरका. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला असू दे. दिवाळीत निसटून हरवणारी कुत्री कमी नसतात. घाबरलेल्याला जवळ घेतलं तर भीती ‘पक्की’ होते, हे खोटं. कुशीत शिरत असेल तर शिरू द्या. लपायचं असेल तर ओढून काढू नका.

दरवर्षी थरथर कापणाऱ्यासाठी पशुवैद्याकडून त्या रात्रीपुरतं औषध घेता येतं. ते आधी एखाद्या साध्या दिवशी देऊन परिणाम बघा. एसप्रोमाझिन एकट्यानं दिलं तर शरीर सुस्त पडतं, भीती मात्र तशीच राहते. कुत्रं गप्प दिसतं म्हणून आपण निर्धास्त होतो. डॉक्टरांनी तेच लिहून दिलं तर त्याच्या जोडीला भीतीवरचं काही आहे का, हे विचारा.

पिल्लू आणि म्हातारं

नव्या पिल्लाच्या पहिल्या रात्रीच्या हेलाचा अर्थ उघड आहे: कालपर्यंत भावंडांच्या ढिगात झोपत होतं. त्याला स्वयंपाकघरात कोंडून ‘दोन रात्रींत सवय होईल’ म्हणू नका. अंथरूण तुमच्या पलंगाशेजारी, हात पोचेल इतक्या जवळ ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं लांब सरकवा. महिन्यांत वय अधिक एक, एवढे तास ते लघवी रोखू शकतं, हा ढोबळ हिशेब. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्री दर तीन तासांनी बाहेर न्यायचं, दिवा न लावता, न खेळवता. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकणं 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार बेकायदा आहे. पाच आठवड्यांचं आणलं असेल तर हेल जास्त दिवस चालणार.

नऊ-दहा वर्षांपुढचं कुत्रं रात्री उठून भिंतीकडे बघत हेल काढत असेल, बिजागरीच्या बाजूनं दार उघडायची वाट बघत असेल, घरात शी-शू करू लागलं असेल, दिवसा झोपून रात्री फिरत असेल, तर ते मेंदूच्या म्हातारपणाचं लक्षण. बरं होत नाही, सुसह्य करता येतं: रात्री मंद दिवा, फरशीवर घसरू नये म्हणून गोधड्या किंवा रबरी चटई, झोपायच्या आधी फेरी, संध्याकाळचं जेवण थोडं उशिरा. फर्निचर हलवू नका. बहिरेपण आलेलं कुत्रं स्वतःचाच आवाज ऐकू न आल्यानं मोठ्यानं ओरडतं. त्याला मागून हात लावू नका, फरशीवर पाय आपटून कंप पोचवा. आणि दुखणं आधी तपासून घ्या, कारण रात्रीच्या येरझाऱ्या पुष्कळदा सांध्यांमुळेच असतात.

एका हेलाजवळ जायचं नाही

आवाज अचानक घोगरा, चिरका झाला, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, वागणं बदललंय, तर रेबीजची शंका धरा. ‘घशात हाड अडकलं असेल’ म्हणून तोंडात हात घालू नका. हीच चूक जिवावर बेतते. खोलीत बंद करून पशुवैद्याला फोन करा. लाळ जखमेला किंवा डोळ्या-तोंडाला लागली असेल, किंवा चावा बसला असेल, तर जखम 15 मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा, डोळ्या-तोंडात गेली असेल तर ती भरपूर नुसत्या पाण्यानं धुवा, हळद-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस आणि पुढं डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे मात्रा चुकवू नका.

विकत मिळणारे उपाय आणि शेजारी

झटका देणारे, फवारा मारणारे गळपट्टे घेऊ नका. ते आवाज बंद करतात, कारण नाही. भीतीनं ओरडणाऱ्याला झटका बसला की भीतीत भर पडते आणि पुढची पायरी चावणं असते. तोंडाला पट्टी बांधून ठेवणं तर उन्हाळ्यात जीवघेणं: कुत्रं धाप टाकूनच अंग थंड ठेवतं.

शेजाऱ्यांशी बोलायचं ते तक्रार येण्याआधी. व्हॉट्सअॅपच्या गटावर नाही, दारात जाऊन. एवढंच सांगा: काय होतंय ते आम्हाला माहीत आहे, अमुक तारखेपासून शिकवणी चालू आहे, सहा-आठ आठवडे लागतील, आवाज आला तर या नंबरवर वेळ कळवा. त्या वेळा तुमच्या वहीत जातात आणि तक्रार करणारा माणूस नोंद ठेवणारा होतो. ज्यांच्याकडे तान्हं बाळ, परीक्षेचं मूल किंवा रात्रपाळी असेल त्यांच्या झोपेच्या वेळा विचारून घ्या आणि दारासमोरच्या फेऱ्या त्या टाळून करा.

सोसायटी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, हे प्राणी कल्याण मंडळानं 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. कुत्र्याला मारणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण रात्रभर चाललेला हेल शेजाऱ्यांनी मुकाट सोसावा असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाचं कार्ड फाइलमध्ये चालू ठेवा. वाद सोसायटीच्या सभेत गेला तर पहिला प्रश्न त्यांचाच येतो, आणि दुसरा येतो तेव्हा वही पुढं करता येते.